टोरीच्या तेलाचा वास

हिवाळा आवडणाऱ्या माणसांशी माझं पटत नाही. धान पिवळं पडलं, सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली की ही माणसं माझ्या गॅरेजसमोर उभी राहून हात चोळतात आणि म्हणतात, "काय मस्त थंडी पडून राह्यली, गजूभाऊ." मस्त काय आहे त्यात? थंडीत लोखंडाला हात लावला की बोटं आखडतात. गाड्या सुरू होत नाहीत. लोक किक मारमारून प्लग ओला करतात आणि मग गाडी ढकलत माझ्या दारात आणतात, तेही असं रागावून, जणू त्यांची गाडी मीच गार करून ठेवली. हिवाळ्यावर प्रेम करायला माणूस एकतर पाहुणा असावा लागतो, नाहीतर त्याच्या हाताला काम नसावं लागतं. आमच्या सिंदेवाहीकडे पाहुणे वाघ बघायला येतात, कानटोप्या घालून, आणि जाता जाता थंडीचंही कौतुक करून जातात. आम्हाला दोन्ही गोष्टी फुकट आणि दारात मिळतात.

शिवाय तो वास. कापलेल्या धानाचा, शेतातल्या बांधीत पडलेल्या ओल्या तणसाचा, शेकोटीतल्या पळसाच्या काड्यांचा. लिहिणारे यावर पानंच्या पानं लिहितात. यंदा तो मला आलाच नाही. आषाढात ताप आला, आठ दिवस राहिला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. नाक जागेवर आहे, त्याचं काम गेलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. दिवाळी गेली, चिवड्याची फोडणी गेली, काही आलं नाही. बायकोला हे कळलं, कारण चुलीवर वरण करपत होतं आणि मी दोन हात अंतरावर बसून पेपर वाचत होतो. तिच्याशिवाय मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. माझं अर्धं काम नाकानं चालायचं. सायलेन्सरमागे उभं राहिलं की पेट्रोल जास्त जातंय की तेल कमी पडतंय, क्लच जळतोय की वायर, हे प्लग काढायच्या आधीच कळायचं. लोकांना ती देवाची देणगी वाटायची. मी त्यांना तसं वाटू द्यायचो.

आणि आता बाई येणार होती. पहिली कडक थंडी पडली की दोन-चार दिवसांत ती येते, गाडी माझ्या दारात उभी करते, टाकीचं झाकण उघडते आणि एकच शब्द बोलते, "हुंग." असतील तेवढ्या गिऱ्हाइकांसमोर मला तिच्या टाकीत नाक घालावं लागतं. नऊ वर्षं हे चाललं आहे. यंदा नाक घालून तिला काय सांगायचं, याची मला पंधरा दिवसांपासून धास्ती होती. मला धास्ती वाटली की मी चिडतो. लहानपणापासून माझं असंच आहे.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. माझी बाई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आम्ही ढीवर, गावचा तलाव हीच आमची शेती. बाप गेला तेव्हा जाळं माझ्या हातात यायचं होतं, पण मला पाण्यापेक्षा पेट्रोलचं वेड. मी चंद्रपूरला एका उस्तादाकडे कार्बोरेटरचं काम शिकायला गेलो आणि जाळं बाईनं उचललं. बायका जाळं फेकत नाहीत, असं गावातल्या दोघा-तिघांनी तिला सांगून बघितलं. ती त्यांच्याकडे बघत बघत फेकून मोकळी झाली. जाळं पाण्यावर गोल उघडतं तेव्हा एक बारीक आवाज होतो, पत्र्यावर मूठभर तांदूळ सांडल्यासारखा. तिचं जाळं बापापेक्षा गोल पडायचं, हे मी कधी तिला बोललेलो नाही.

एकोणीस वर्षांचा असताना मी एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल स्वतःच्या हातानं बसवली. ती कशी पळते हे दाखवायला बाईला मागे बसवलं आणि गिट्टी टाकलेल्या वळणावर गाडी आडवी घातली. मला नुसतं खरचटलं. तिचं उजवं पाऊल गाडीखाली आलं आणि त्या दिवसापासून तिचा तो घोटा वळत नाही. पायाचं कारण सांगून दोन स्थळं परत गेली. तिसरं आलं त्याला तिनंच परत पाठवलं, "तुमचा पोरगा मले पसंत नाई," म्हणून. पायावरून ती मला मात्र एका शब्दानं बोलली नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी उलट दोन घातल्या असत्या आणि विषय मिटला असता. ती गप्प बसली, आणि तिच्या त्या गप्प बसण्यावर मी वर्षानुवर्षं जळत राहिलो. चूक माझी आणि राग तिच्यावर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमच्या घरात तर सुंभही जळत नव्हता.

मग खेकडा आला. जंगलालगतचं एक हॉटेल बंद पडलं आणि तिथलं सामान विकायला निघालं. पलंग, खुर्च्या, पंखे, आणि त्यातच पाहुण्यांना माळावर उडवायला आणलेली एक परदेशी फटफटी. तिला चाकं चार, टायर फुगलेले, बसायला घोड्यासारखी सीट. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्बोरेटर. चारी पाय फाकवून बसल्यासारखी दिसायची म्हणून गावानं तिला खेकडा म्हटलं. ती बाईनं घेतली, मला न विचारता. तालुक्यात कार्बोरेटर म्हटलं की गजूचं नाव, आणि गजूच्या सख्ख्या बहिणीनं गजूला न विचारता दोन कार्बोरेटरची गाडी घेतली, हे मला चहाच्या टपरीवर कळलं. सांगणाऱ्याला काय आनंद झाला होता.

तिचं गणित साधं होतं. मासे उजाडताना निघतात आणि ऊन चढायच्या आत बाजारात पोचावे लागतात. तलावापासून डांबरी सडकेपर्यंत दोन कोस वाट, मध्ये जंगलाचा पट्टा. उजाडण्याची वेळ वाघाचीही असते. डोक्यावर टोपली घेऊन लंगडत जाणाऱ्या बाईमाणसाला त्या वाटेवर दिवस मोजावे लागतात. सायकल, मोटरसायकल तिला जमत नव्हती, कारण थांबताना उजवा पाय टेकवता येत नव्हता. चार चाकं असली की पाय टेकवायचंच काम नाही. आणि टू-स्ट्रोकचा आवाज एवढा की वाघ आपणच बाजूला होईल. हे सगळं तिनं एकटीनं ठरवलं होतं आणि त्यातलं एकही अक्षर चूक नव्हतं. मला राग त्याचाच आला.

तालुक्यातलं गॅरेज बंद करून मी गावात गेलो. तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, पाच-पन्नास माणसं खेकडा बघायला जमली होती. मी एक फेरी मारली, इंजिनावर बोट टिचकवलं आणि म्हणालो, "भंगार हाय हे. अन् चाललं तरी तुह्यानं नाई चालणार."

"तुले कोनं विचारलं?" बाई म्हणाली.

लोक हसले. मी गाडीला किक मारून निघून आलो. पुढचे तीन आठवडे ती पक्कड आणि पेचकस घेऊन एकटी त्या यंत्राशी झगडत होती, हे मला बारीकसारीक तपशिलांसह कळत होतं, कारण आमच्या भागात माणसाला त्याच्या बहिणीची खबर द्यायला लोक चार कोस वाकडी वाट करतात. शेवटी माय आली. माय आता नाही. ती तेव्हा गॅरेजच्या दारातल्या जुन्या टायरवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "गज्या, तिचा पाय तुनं घालवला. आता तिची गाडी तरी नीट करून दे." एवढं बोलून ती एसटीनं परत गेली.

चैत्र होता. मोह गळून गेला होता, पळसाखाली सुकलेली फुलं काळी पडली होती. मी रोज सकाळी गावात जायचो आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली खेकडा उघडायचो. दोन कार्बोरेटर जुळवणं हे एकट्याचं काम नाही. आत पितळेची स्लाइड असते, अंगठ्याचा खटका दाबला की ती वर सरकते आणि इंजिनाला हवा-पेट्रोल मिळतं. दोन्हीकडच्या स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. एक आधी आणि एक मागून उचलली तर एक सिलिंडर ओढतं आणि दुसरं फरफटतं. उस्तादाची रीत अशी होती, इंजिन बंद ठेवून दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडात खराट्याची एकेक काडी स्लाइडखाली अडकवायची. गाडीवर बसलेल्यानं अंगठा सावकाश दाबायचा, खाली बसलेल्यानं काड्यांवर नजर ठेवायची. दोन्ही काड्या एकदम गळाल्या की जुळले. नाही गळाल्या तर तारेचा नट पाव फेरा फिरवायचा आणि पुन्हा काड्या घालायच्या. बाई वर बसलेली, मी खाली मातीत. त्या अख्ख्या महिन्यात आमच्यात दोनच शब्द झाले. दाब आणि सोड.

मागचा ब्रेक उजव्या पायाचा होता, तो मी ओढून हातावर घेतला. लोहाराकडून टोपल्यांसाठी मागे लोखंडी जाळी बसवून आणली. शेवटच्या दिवशी माझ्याकडे पडलेला एका स्कूटरचा गोल आरसा होता, तोही हँडलला लावून दिला. मागून येणारं तिला दिसावं म्हणून तिला सीटवर बसवून कोन जुळवला आणि नट आवळला. तेलाचा एक डबा दिला. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं, नाहीतर आत पिस्टन कोरडा घासतो आणि इंजिन धरतं, म्हणजे जाम होतं. किती पेट्रोलला किती झाकणं तेल, ते मी मायला सांगितलं, मायनं तिला. ती समोरच उभी होती.

गाडी सुरू झाली तेव्हाचा आवाज मला आवडला होता, हे इथे सांगून टाकतो. दोन्ही सिलिंडर एका लयीत लागले होते. बाई खाली उभी राहून डाव्या पायानं किक मारायची, मग वर चढायची. ती पाळीवरून गेली तेव्हा बगळे उठले आणि पलीकडच्या टोकाला जाऊन बसले. तिनं एक फेरी मारली, दुसरी मारली, तिसऱ्या फेरीला ती हसत होती. माझ्याजवळ आल्यावर हसू पुसून पुढे गेली. "छान झालं" म्हणायला तिला काय झालं होतं? तेव्हा मला हे असंच वाटलं होतं, आजही वाटतं.

मी दिलेला डबा आषाढात संपला असावा. ती दुसरा मागायला आली नाही. माझ्याकडे यायचं नाही म्हणून तालुक्यातल्या दुकानातही गेली नाही, ते दुकान माझ्यासमोरच आहे. तिनं घरातलं तेल वापरलं. टोरीचं. मोहाच्या फळातल्या बीला टोरी म्हणतात. तिचं घट्ट पिवळं तेल आमच्या घरात सगळ्याला चालतं, वड्याला, दिव्याला, केसाला, दाराच्या बिजागरीला आणि फुटलेल्या टाचांना. जे करकरतं त्याला टोरी लावायची, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. मग पिस्टनला का नाही? आणि वेडेपणाही म्हणता येत नाही, कारण जुन्या काळी शर्यतीच्या गाड्यांत एरंडेल घालत, असं माझा उस्ताद सांगायचा. पावसाळ्यात आणि दसऱ्याच्या उन्हात ते चाललं. झकास चाललं.

पण टोरीच्या तेलाची एक खोड आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. थंडीत ते गोठतं. पांढरं, तुपासारखं होतं. हिवाळ्यात सकाळी टोरीची बाटली चुलीजवळ ठेवल्याशिवाय थेंब बाहेर येत नाही.

पोळ्याच्या आधीचा बाजार होता. दारात दोन गिऱ्हाइकं होती. समोरून खेकडा गेला, मागे दोन टोपल्या, ओल्या गोणपाटानं झाकलेल्या. बाई आमच्याकडे बघत नव्हती. गाडी पुढे गेली आणि धुराबरोबर वास आला. टोरीच्या तेलात वडे तळल्याचा, स्वच्छ, नाकात भरणारा. एक गिऱ्हाईक म्हणालं, "गजूभाऊ, कोनाच्या घरी वडे तळून राह्यले?"

"असतीन कोनाच्या तरी," मी म्हणालो.

मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. तेल कोणतं, ते का घातलं, आणि थंडी पडल्यावर काय होणार. गाडी रात्रभर उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल थोडं उडून जाणार, तळाला तेल उरणार, ते गोठणार आणि पेट्रोल आत सोडणारं, सुईच्या टोकाएवढं जेटचं भोक बुजणार. त्यात थंड हवा जड असते, तिला पेट्रोल जास्तच लागतं. म्हणजे जास्त हवं तेव्हा कमी मिळणार. दोन पावलं पळत जाऊन हाक मारली असती तरी ती थांबली असती. बाजारात जाऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं. मायला निरोप दिला असता तरी. पोळा गेला, दसरा गेला, भाऊबीजेला ती ओवाळायला आली नाही आणि मीही गेलो नाही. मी मूग गिळून बसलो. ती विचारायला आली नाही ना, मग मी का सांगू?

मी तिचं वाईट चिंतलं नव्हतं, असं स्वतःला बरीच वर्षं सांगून झालं. ते खोटं आहे. गाडी बंद पडावी, तिनं ती ढकलत माझ्या दारात आणावी आणि म्हणावं, "गजू, पाह्य ना काय झालं ते." एवढं मी चिंतलं होतं, रोज, थंडीची वाट बघत. बंद पडणारी गाडी कुठे बंद पडेल, याचा विचार मी केला नाही. जंगलातली वाट मला माहीत होती. वाघ माहीत होता. लंगडा पाय तर माझ्याच हातचा.

कापणी चालू होती. बांध्यांत बायका ओळीनं वाकलेल्या, विळ्यांचा सरसर आवाज, दवानं ओल्या झालेल्या पेंढ्या. लोकांना हे दृश्य सुंदर वाटतं. मला त्यातून फक्त फोनची घंटा ऐकू येते. गावातून फोन होता. "तुही बाई पाळीवरून पडली. लवकर ये."

डाव्या कार्बोरेटरचं पेट्रोल तुटलं होतं. त्याच पेट्रोलातून तेल जातं, म्हणजे तेही तुटलं. उजवं सिलिंडर ओढत राहिलं, डावं कोरडं घासत राहिलं आणि पाळीच्या मध्यावर पिस्टननं धरलं. चालत्या गाडीची मागची चाकं जागच्या जागी अडकली. पाळीच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला रचलेले दगड. पाण्यात पडली असती तर ती पोहून आली असती. ती दगडांवर पडली.

मी पोचलो तेव्हा तिला कुणीतरी गोधडीत गुंडाळून बसवलं होतं. खांद्याचं हाड मोडलं होतं, हात लोंबत होता. रोहू आणि मरळ पाळीभर पसरले होते, काही अजून तोंड उघडत होते, आणि कावळे जमले होते. तिनं रडणं-ओरडणं काही केलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "गजू, तुले वास आला होता का?"

"कायचा वास?"

"धुराचा. बाजारात."

"नाई," मी म्हणालो.

तिनं मान फिरवली. बस एवढंच झालं. कापणाऱ्या बायका विळे हातात घेऊन बांधावर उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

खेकडा मी ट्रॅक्टरला बांधून गॅरेजला आणला आणि शटर अर्धं ओढून डावा कार्बोरेटर उघडला. वाटीच्या तळाला पांढरा थर होता, बोटानं निघणारा. जेटच्या भोकात दाणा बसला होता. मी तो थर रॉकेलनं धुऊन टाकला. कुणी बघायच्या आत. मग दवाखान्यात गेलो आणि मायच्या देखत तिच्यावर ओरडलो, "टोरीचं तेल टाकते का कोनी इंजनात? अक्कल हाय का?" पलंगाशेजारच्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. बाई छताकडे बघत राहिली. चोर तो चोर वर शिरजोर, ही म्हण मी शाळेत लिहून घेतली होती, अर्थ दवाखान्यात कळला.

तीन महिने तिनं जाळं टाकलं नाही. जाळं टाकणाऱ्याचा खांदा जाणं म्हणजे काय, ते नाक गेल्यावर मला थोडं समजायला लागलं आहे. खांदा भरला, पण उजवा हात अजून डोक्याच्या वर पूर्ण जात नाही. जाळं ती आता डाव्या हातानं फेकते, आणि ते पूर्वीसारखं गोल पडत नाही. मी गाडीला पिस्टन, रिंगा नव्या टाकल्या, सिलिंडर घासून आणलं, गाडी दारात नेऊन लावली. पुढच्या हिवाळ्यात पहिल्या थंडीला ती गॅरेजला आली, झाकण उघडलं आणि म्हणाली, "हुंग."

मी हुंगलं. पेट्रोल आणि दुकानातलं बरोबर तेल. "बरोबर हाय," मी म्हणालो. ती तशीच उभी राहिली, झाकण हातात धरून, जरा जास्तच वेळ. मग झाकण लावलं. मी काड्या घातल्या, ती सीटवर बसली, दाब, सोड, थंडीसाठी जेट बदलला, ती गेली. दर वर्षी असंच. दर वर्षी तो जास्तीचा वेळ. तिला काय ऐकायचं आहे हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण चार लोकांसमोर, माझ्याच दारात, मी काय म्हणून बोलायचं? तिच्या येण्याचा मला संताप यायचा. आणि थंडी पडूनही ती चार दिवसांत आली नाही तर मी रस्त्याकडे कान लावून बसायचो. तिचं माझ्याकडे येणं वर्षातून तेवढंच उरलं होतं.

परवा ती आली. मागे दोन टोपल्या, गोणपाट, केसांत पांढरं, आरशाला एक तडा. दारात दोघं-तिघं होते, थंडीचं कौतुक करणाऱ्यांपैकीच. तिनं इंजिन बंद केलं, उतरली, झाकण उघडलं.

"हुंग."

मी वाकलो, टाकीत नाक घातलं, श्वास ओढला. काही नाही. पाणी असतं तरी मला कळलं नसतं. "बरोबर हाय" हे शब्द सवयीनं जिभेवर येऊन बसले होते. ते बोललो असतो तर ती झाकण लावून गाडीवर बसली असती आणि पाळीवरून गेली असती, त्याच दगडांच्या कडेनं. तेल नऊ वर्षं बरोबरच होतं, दहाव्या वर्षीही असणार. पण ती पडली त्या वर्षी मला माहीत होतं आणि मी ते लपवलं होतं. आता मला माहीत नाही, हे लपवत होतो. माणूस म्हातारा होत चालला तरी तेच करतो, याची मला शिसारी आली.

"बाई," मी म्हणालो, "मले वास येत नाई."

"कायचा?"

"कायचाच नाई. आषाढात ताप आला तवापासून."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. खोटं बोलतो आहे का ते बघत असावी, आणि तिला तो हक्क होता. मग तिनं विचारलं, "आता येत नाई. अन् तवा?"

गिऱ्हाइकांनी हात चोळायचं थांबवलं होतं. त्यांना काही कळायचं कारण नव्हतं, पण माणसं अशा वेळी कान टवकारतात.

"तवा येत होता," मी म्हणालो. "पोळ्याच्या बाजारात आला होता. टोरीचं तेल हाय हे मले तवाच समजलं होतं."

मी मान खाली घातली होती. मला वाटलं, आता ती हातातलं झाकण मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते टाकीवर ठेवलं, फिरवून घट्ट केलं, आणि पदराच्या टोकानं आरशावरचं दव पुसलं.

"माहीत हाय," ती म्हणाली. "तू हसला बी होता. मी आरशात पाह्यलं."

हसलो होतो. तेवढं मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं, आणि ते दहा वर्षं तिच्याजवळ होतं. मागचं दिसावं म्हणून तिला सीटवर बसवून तो आरसा मीच कोन जुळवून लावून दिला होता.

ती गाडीवर चढून बसली आणि खटक्यावर अंगठा ठेवला.

"काड्या आण," ती म्हणाली. "मासे उन्हात हाय."

मी खराट्यातून दोन काड्या मोडून आणल्या आणि तिच्या पायाशी मातीत बसलो.